तिला शाळेत परत आणताना

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी हळूहळू शाळेत यायची थांबली आणि पुढे तशीच हळूहळू परत आली. हे लिहायचं कारण असं की त्या काळात मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेलं पुष्कळ सापडलं. पण सोमवारी दुसऱ्या तासाला तिला कुठे बसवायचं, मधल्या सुट्टीत तिच्यासोबत कोण असेल, बाकीच्या मुलांना काय सांगायचं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. आणि सगळं अडतं ते तिथेच. मुलीची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

पहिल्या खुणा हजेरीपटात होत्या. आधी सोमवार गेले. मग सुट्टीनंतरचे पहिले दिवस. मग भाषेच्या तोंडी परीक्षेचा दिवस, गटप्रकल्प सादर करायचा दिवस. आली तरी मधल्या सुट्टीच्या सुमाराला पोट दुखायचं आणि घरी फोन जायचा. सलग गैरहजेरी असली की शाळेला जाग येते, पालकांना पत्र जातं. पण अशी तुटक गैरहजेरी, जिच्यासोबत पालकांच्या सहीची चिठ्ठी असते, ती सहज नजरेआड होते. त्यातून मुलगी शांत, वह्या पूर्ण, कुणाची तक्रार नाही. दंगा करणाऱ्या मुलाबद्दल स्टाफरूममध्ये रोज बोललं जातं. गप्प मुलाबद्दल बोलायला निमित्तच मिळत नाही. मी महिन्याचा हजेरीपट भरताना वारांच्या हिशोबानं पाहिलं तेव्हा आकृती दिसली आणि पालकांना बोलावून घेतलं.

आई खूप थकलेली होती. तिनं सकाळ कशी जाते ते सांगितलं. मुलगी रात्री दप्तर भरून ठेवते, उद्या नक्की जाणार म्हणते. सकाळी उठल्यावर मळमळ, पोटात कळ, बाथरूममधून बाहेर येणं नाही. समजावणं, रागावणं, रडणं. शाळेची वेळ टळली की अर्ध्या तासात चेहरा बदलतो. जेवते, धाकट्या भावाशी खेळते. वडिलांचं म्हणणं याच गोष्टीवर अडलं होतं. "मॅडम, खरंच पोट दुखत असतं तर अकरा वाजता थांबलं कसं? ही नाटकं आहेत."

वडिलांना तसं वाटणं मला समजत होतं. बाहेरून ते तसंच दिसतं. पण भीतीनं दुखणारं पोट खरोखर दुखतं. मेंदूनं धोक्याची सूचना दिली की हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात, पचन बिघडतं, आणि ती सूचना थांबली की हे सगळं ओसरतं. अकरा वाजता दुखणं थांबतं, कारण अकरा वाजता शाळेत जायचं नसतं. आणि खरा पेच त्या सुटकेतच असतो. न गेल्यामुळे जो जीव हलका होतो, तेच मेंदूला मिळालेलं बक्षीस. आज टाळल्यानं बरं वाटलं म्हणून उद्याची सकाळ आणखी अवघड होते. तिसऱ्या दिवशी त्यात बुडालेल्या अभ्यासाची भर पडते, चौथ्या दिवशी "इतके दिवस कुठे होतीस" या प्रश्नाची. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये अशा मुलांवर लेख लिहिला होता आणि त्याला शाळेची भीती म्हटलं होतं. घरच्यांना न सांगता शाळा बुडवून भटकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं वेगळी असतात. ती घरीच असतात, घरच्यांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांना शाळेत यायचंही असतं.

समुपदेशक मॅडम आमच्याकडे आठवड्यातून ठरावीक दिवशी येतात. त्यांनी सर्वांत आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं. सतत पोट दुखणाऱ्या मुलाला परस्पर "मनाचं आहे" म्हणणं धोक्याचं असतं. तपासण्या व्यवस्थित आल्या. मग त्यांनी मला विचारायचे चार प्रश्न दिले. क्रिस्टोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी शाळा टाळण्यामागची कारणं चार प्रकारांत मांडली आहेत: शाळेतली कोणतीतरी गोष्ट अस्वस्थ करते म्हणून टाळणं, चारचौघांत पारख होण्याच्या प्रसंगातून सुटणं, घरच्या माणसाचं लक्ष आणि जवळीक मिळवणं, आणि शाळेबाहेर काहीतरी जास्त आवडीचं असणं. एका मुलात दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. पण आधी कारण ओळखायचं आणि मगच उपाय ठरवायचा, हे त्यांनी मला पुनःपुन्हा सांगितलं. ज्या मुलाला घरी व्हिडिओ गेम हवा आहे त्याच्यासाठी जो उपाय चालेल, तो वर्गात वाचायला उभं राहताना थरथरणाऱ्या मुलीवर केला तर तिचे हालच होतील.

मी तिच्या घरी गेले. अभ्यासाबद्दल बोलायचं नाही एवढं ठरवून गेले होते. आधी एक गोष्ट स्पष्ट केली: "तू सांगशील ते मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुला इजा करतंय असं कळलं, तर मला ते सांगावंच लागेल. आणि कुणाला सांगते आहे हे मी तुला आधी सांगेन." मुलांशी असं बोलायला बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं ही मर्यादा सुरुवातीलाच सांगावी, असं मला फार मनापासून वाटतं. "कुणालाही सांगणार नाही" हे वचन देणं सोपं असतं, पण ते पाळता येत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, वर्गाला काय सांगितलंय?"

तिथून धागा सापडला. काही आठवड्यांपूर्वी वर्गात पाळीपाळीनं मोठ्यानं वाचन चालू असताना ती एका शब्दावर अडखळली होती. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही तो शब्द बाहेर येईना. कुणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर हसणारी चित्रं आली. नंतर मधल्या सुट्टीत तिला पाहिलं की तो शब्द तसाच अडखळत म्हणायचा खेळ सुरू झाला. तोवर ज्याला सगळे तिची नाजूक तब्येत म्हणत होते, त्याची मुळं शाळेच्या वर्गात होती.

समुपदेशक मॅडमनी मला एक प्रश्न विचारायची तयारी करून पाठवलं होतं. अनेक शिक्षकांना वाटतं की आत्महत्येबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते शिरेल. संशोधनात तसं आढळलेलं नाही; नीट, थेट विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट पुष्कळांना बोलायला वाट मिळते. मी विचारलं, "कधी जगूच नये असं मनात येतं का?"

ती म्हणाली, "जगू नये असं नाही. सकाळ होऊ नये असं वाटतं."

मी तिला सांगितलं की हे मी समुपदेशक मॅडमना आणि तुझ्या आईबाबांना आजच सांगणार आहे, आणि आपण दोघी मिळून सांगू. त्याच दिवशी मॅडम तिच्याशी सविस्तर बोलल्या. तिच्या मनात तसा काही बेत नव्हता. तरीही घरातली औषधं कुलपात गेली. फार असह्य वाटलं तर आधी काय करायचं, मग कुणाला फोन करायचा, तो लागला नाही तर पुढे कुणाला, हे तिच्याच शब्दांत एका कागदावर लिहिलं गेलं. वडील त्या दिवसापासून "नाटक" म्हणाले नाहीत.

पुढचं काम शाळेचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल. मुलगी परत यावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण ती जिथून पळाली होती त्याच जागी, त्याच बाकावर, त्याच वाचनाच्या तासाला परत ये म्हणणं म्हणजे सगळा भार तिच्या धाडसावर टाकणं. शाळेनं आधी स्वतःची बाजू नीट करायला हवी होती.

रेकॉर्डिंगचं प्रकरण मुख्याध्यापकांनी हाती घेतलं. संबंधित मुली आणि त्यांचे पालक यांच्याशी वेगवेगळं बोलणं झालं, ते रेकॉर्डिंग सगळ्यांच्या मोबाइलमधून काढलं गेलं. सभेत उभं करून माफी मागायला लावावी असा एक विचार आला होता. मुलीला विचारलं तर तिनं घाईघाईनं नको म्हटलं, कारण त्यानं सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्यावरच वळल्या असत्या. तिचं ऐकलं. रेकॉर्ड करणारी मुलगी पुढे काही दिवस समुपदेशक मॅडमकडे जात होती. तिच्याही घरी बरंच काही चाललं होतं, आणि ते कळल्यावर मला तिची काळजी वाटू लागली.

मग परतीचा आराखडा. तो मुलीसोबत बसून केला. कोणत्या जागांची किती भीती वाटते ते तिनं शून्य ते दहा आकड्यांत सांगितलं. ग्रंथालयाला दोन. चित्रकलेच्या तासाला तीन. प्रवेशद्वाराशी सकाळच्या गर्दीला सात. मधल्या सुट्टीतल्या व्हरांड्याला नऊ. वर्गात मोठ्यानं वाचायला दहा. आम्ही दोनपासून सुरुवात केली. आधी शाळा सुटल्यावर रिकाम्या इमारतीत एका मैत्रिणीसोबत फेरी. मग फक्त चित्रकलेचा तास, जिथे बोलावं लागत नाही. मग त्याला जोडून आणखी एक तास. सकाळी घंटा होऊन गर्दी ओसरल्यावर बाजूच्या दारानं यायचं, आणि तिथे शाळेतल्या मावशी उभ्या राहतील. मावशींना मी एवढंच सांगितलं होतं की तिला काही विचारू नका, नुसतं "आलीस का, चल" म्हणा. त्यांनी ते ज्या सहजतेनं केलं, तसं आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाच जमलं नसतं.

दोन नियम मात्र कडक होते. पोट दुखलं म्हणून घरी पाठवायचं नाही; ग्रंथालयामागच्या खोलीत पंधरा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, सावकाश श्वास सोडायचा आणि परत वर्गात. हे कठोर वाटतं आणि तिच्या आईला ते सहन होत नव्हतं. पण भीतीची लाट वर चढते तशी उतरतेही, हे अंगानं अनुभवायला त्या लाटेत थोडा वेळ थांबावंच लागतं. दुसरा नियम असा की एखादा दिवस बिघडला तर सुरुवातीला परत जायचं नाही. ज्या पायरीवर आहोत तिथेच उद्या पुन्हा. आणि पुढची पायरी कधी, हे ती ठरवणार.

स्टाफरूममध्ये सगळे राजी नव्हते. गणिताचे सर म्हणाले, "एकीला असं करून दिलं तर उद्या प्रत्येक जण मागेल." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि त्याचं उत्तर शेवटी त्यांनीच शोधलं. ते एकेकाला उठवून उत्तर विचारत असत. ते बंद करून त्यांनी सगळ्यांना छोट्या पाट्या दिल्या. प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. तिच्यासाठी वेगळी सवलत उरलीच नाही. शिवाय कुणाला काय आलं नाही ते त्यांना एका नजरेत कळू लागलं, आणि मागच्या बाकावरची आणखी काही मुलं प्रथमच उत्तरं देऊ लागली. भाषेच्या तासालाही पाळीपाळीनं सक्तीचं वाचन थांबलं. आता मुलं जोडीत वाचतात, आणि ज्याला वर्गासमोर वाचायचं असेल तो हात वर करतो.

या सुमारास शाळेत ताणतणावावर बाहेरच्या वक्त्याचं व्याख्यान ठेवावं, आणि सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, असं ठरत होतं. हेतू चांगलाच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा मुलं. त्यांना शोधावं असं कुणालाही वाटेल. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली, मुलांच्या भावना आणि वागणं यांबद्दलची पंचवीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती भरायला वेळही फार लागत नाही. पण समुपदेशक मॅडमनी विचारलं, "ज्या मुलांचे गुण जास्त येतील त्यांना दुसऱ्या दिवशी कोण भेटणार आहे?" मुलाला मन उघडायला लावून पुढे कुणीच न भेटणं, हे न विचारण्यापेक्षा वाईट. प्रश्नावली थांबवली, आधी भेटायची माणसं आणि वेळा ठरवल्या.

त्यांनी मला दोन अभ्यासांबद्दल सांगितलं आणि मी ते नंतर वाचले. युरोपातल्या १० देशांमधल्या १६८ शाळांत ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण देणं, किंवा तज्ज्ञांनी प्रश्नावलीवरून मुलं निवडणं, यांनी आत्महत्येच्या प्रयत्नांत लक्षणीय फरक पडला नाही. जिथे मुलांनी स्वतः प्रसंग उभे करून, भूमिका करून, आपापसांत चर्चा केली, तिथे वर्षभरानंतर नवे प्रयत्न तुलनेसाठी घेतलेल्या शाळांपेक्षा जवळपास निम्मे होते. दुसरा अभ्यास बिहारमधल्या शाळांचा, २०१८ मधला. तिथे एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही.

शिक्षिका म्हणून हे वाचणं मला जड गेलं, पण पटलं. मी तिचे पेपर तपासते. तिच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही असते. ती माझ्यावर कितीही विश्वास ठेवत असली तरी काही गोष्टी माझ्यापाशी बोलणं तिला अवघड जाणारच. शिक्षकानं वर्ग सुरक्षित ठेवावा, बदल लवकर ओळखावा, योग्य माणसापर्यंत पोचवावं. पण सगळं ऐकून घेणारं माणूस वेगळं असावं आणि ते शाळेत रोज असावं. आठवड्यातून एक-दोन दिवस पुरत नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे आणि सांगत राहणार आहे.

परतीची वाट सरळ नव्हती. मोठ्या सुट्टीनंतर सगळं घसरलं. सुट्टीत झोपेची वेळ पहाटेपर्यंत गेली होती. किशोरवयात झोप येण्याची वेळ शरीरातच उशिराकडे सरकते आणि तरी आठ ते दहा तास झोप लागतेच. मग सकाळी सातला उठवल्यावर जो चिडका, गळून गेलेला जीव उठतो, त्याला भीतीशी लढायचं बळ कुठून येणार? आईवडिलांनी मोबाइल रात्री बैठकीच्या खोलीत ठेवायचा नियम केला, आणि तो स्वतःलाही लावला म्हणून टिकला. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात उठण्याची वेळ रोज थोडी थोडी मागे आणली. तरीही पहिल्या सोमवारी ती बाजूच्या दारापर्यंत येऊन परत गेली. आराखड्याप्रमाणे मंगळवारी तीच पायरी पुन्हा. त्या दिवशी ती आत आली.

वर्गाला मी काय सांगितलं, हा तिचा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर आम्ही दोघींनी ठरवलं. "तिला बरं नव्हतं, आता ती थोडे थोडे तास येणार आहे. भेटलात तर कुठे होतीस असं विचारू नका, आज काय चाललंय ते सांगा." एवढंच. मुलांनी ते तंतोतंत पाळलं. मोठ्यांनी ठरवून काय बोलायचं ते सांगितलं तर मुलं फार समजूतदारपणे वागतात, हे मला पुनःपुन्हा दिसलं आहे. त्यांना सांगितलंच नाही तर ती रिकामी जागा अफवा भरून काढतात.

वर्ष संपेपर्यंत ती पूर्ण वेळ येत होती. मधल्या सुट्टीचा नऊ आकडा चारवर आला होता. मोठ्यानं वाचायचा दहा आठवरच होता आणि त्यासाठी ती वाणीतज्ज्ञांकडे जायला लागली होती, कारण अडखळण्यावर वेगळं काम लागतं आणि ते आधीच व्हायला हवं होतं.

नववीतून दहावीत जाताना वर्गशिक्षक बदलतात. अशा वेळी आजवर काय व्हायचं, तर एखादी गोपनीय नोंद फाइलमध्ये जायची, किंवा स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी कानावर घातलं जायचं. या वेळी आम्ही तिलाच विचारलं की नव्या सरांना काय कळावं असं तुला वाटतं. तिनं अर्ध्या पानात लिहून दिलं: मला अचानक उठवू नका. पोट दुखलं तर मी पंधरा मिनिटं मागच्या खोलीत बसते आणि परत येते, घरी फोन करू नका. मी गप्प असले तरी लक्ष देत असते. पाठीवर हात ठेवून "आता बरी आहेस ना" असं सगळ्यांसमोर विचारू नका. बाकी तुम्हाला काही विचारायचं असेल तर शाळा सुटल्यावर विचारा, मी सांगेन.

नव्या सरांनी तो कागद वाचून तिला शाळा सुटल्यावर भेटायला बोलावलं. आता वर्ग बदलताना आमच्या शाळेत कोणत्याही मुलाला असं पान लिहून देता येतं. सातवीतल्या एका मुलाचे सोमवार सध्या रिकामे जात आहेत. त्याच्या वर्गशिक्षिका आणि मी या आठवड्यात त्याच्या आईला भेटणार आहोत.